सांगून येणारी भोवळ, न सांगता येणारी भोवळ आणि अॅडेनोसिन

सुरंगी:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहायचं मनात होतं. आज ताईच्या फाइलमधले कागद तारखेप्रमाणे लावले आणि लिहायला बसले. विषय भोवळीचा आहे. आमच्या घरात दोघांना येते, माझ्या ताईला आणि तिच्या मुलाला. दोघांच्याही बाबतीत शेजारीपाजारी, नातेवाईक आणि सुरुवातीला डॉक्टर, सगळ्यांनी एकच शब्द वापरला: अशक्तपणा. तो दोघांनाही लागू नव्हता.

ताई ५४ वर्षांची, गोव्यात माशेलला राहते. पहिल्यांदा पडली तेव्हा मी समोरच होते. चतुर्थीचे दिवस. ती आदोळीवर, म्हणजे विळीवर, बसून नारळ खवत होती, मी बाजूला नेवऱ्यांचं पीठ मळत होते. गप्पा चालल्या होत्या. बोलता बोलता, वाक्य अर्धं असताना, ती गप्प झाली आणि तशीच पुढे कोसळली. कपाळ विळीच्या पाटावर आपटलं, पातं दोन बोटांनी चुकलं. ताटातला पांढरा चव बघता बघता लाल झाला. हात दोनदा झटकले गेले. मी किंचाळले. अर्ध्या मिनिटात तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "काय झालं गो? ओरडतेस कशाला?" पूर्ण शुद्धीवर, सगळ्यांची नावं ओळखते, फक्त कपाळातून रक्त वाहतंय. चार टाके पडले.

तिला विचारलं, आधी काय वाटलं? म्हणाली, "काहीच नाही. मी नारळ खवत होते, आणि मग तुम्ही सगळे माझ्याभोवती होता."

हात झटकले म्हणून एका डॉक्टरांनी फिट ठरवली आणि फिटच्या गोळ्या सुरू केल्या. दोन वर्षं घेतल्या. दिवसभर पेंगायची, शब्द आठवायचे नाहीत, आणि त्या दोन वर्षांत आणखी तीनदा पडली. ईसीजी नॉर्मल, इको नॉर्मल, होल्टर, म्हणजे २४ तास अंगावर लावलेला ईसीजी, तोही नॉर्मल, मेंदूचा स्कॅन नॉर्मल. प्रत्येक नॉर्मल रिपोर्टाबरोबर "टेन्शन घेऊ नका" हा सल्ला मिळायचा. मला आजही त्याचा राग आहे. टेन्शन घेणाऱ्या बाईचं वाक्य असं मध्येच तुटत नाही.

शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरांनी छातीच्या कातडीखाली बोटाच्या पेराएवढा लूप रेकॉर्डर बसवला. हा तीनेक वर्षं हृदयाचे ठोके नोंदवत राहतो. सातव्या महिन्यात ताई बस स्टॉपवर बाकावर बसलेली असताना पडली आणि ती घटना सापडली. डॉक्टरांनी पट्टी दाखवली. ठोके ठीक चाललेत, आणि एकदम खालच्या कप्प्यांचे ठोके बंद. आठ सेकंद काही नाही. मग परत सुरू, जणू काही झालंच नाही. ते म्हणाले, "हा अॅडेनोसिनशी संबंधित प्रकार असू शकतो." आणि दम्याची गोळी लिहून दिली, थिओफायलिन. पेसमेकरचाही विचार करून ठेवा म्हणाले.

भोवळीवर दम्याची गोळी का, हे मला कळलेलं नाही. ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया सविस्तर लिहा. भाच्याचं त्याला स्वतःलाच लिहायला सांगितलंय.

बेतकाठी:
मावशीने ओढून आणलंय. मी २३ वर्षांचा, गेली पाच वर्षं लईराई देवीचा धोंड, म्हणजे व्रत घेतलेला भक्त, आहे. व्रत नीट पाळतो. मागच्या जत्रेला शिरगावला रात्रभर उभा होतो, गर्दी, घाम, पोटात जवळजवळ काही नाही. पहाटे होमकुंडातल्या निखाऱ्यांवरून चालायला जायच्या आधी एकाएकी जांभया यायला लागल्या. मग तोंडाला पाणी सुटलं, मळमळलं, कानात समुद्रासारखा आवाज. समोरच्याच्या गळ्यातला मोगरा आधी करडा दिसला, मग दिसेनासा झाला. बेत, म्हणजे धोंडाची वेताची काठी, हातातून पडल्याचा आवाज मला आठवतो. पुढचं नाही.

लोकांनी उचलून बसवलं, कांदा हुंगायला दिला, परत डोळे फिरले. एका म्हाताऱ्या धोंडाने सगळ्यांना बाजूला सारून मला आडवं पाडलं, पाय स्वतःच्या मांडीवर घेतले, तेव्हा शुद्ध आली. नंतर अर्धा दिवस गळून गेलो होतो, अंगाला गार घाम.

पुढे टिल्ट टेस्ट झाली. टेबलाला पट्ट्यांनी बांधून ७० अंशात उभं करतात. २० मिनिटं काही झालं नाही. मग जिभेखाली नायट्रोग्लिसरिन दिलं आणि थोड्याच वेळात तीच जांभई, तोच समुद्र. ब्लड प्रेशर आधी घसरलं, नाडी मागून मंदावली. वेसोव्हेगल म्हणाले, म्हणजे मज्जातंतूंच्या प्रतिक्रियेने दाब आणि नाडी उतरून येणारी भोवळ. आईला जे आहे तेच मला आहे का, हा माझा प्रश्न.

डिचोलीकर:
वाचतोय. मलाही रक्त बघितलं की असंच होतं, जांभईपासून सगळं जसंच्या तसं. जांभई हे लक्षण आहे हे आजच कळलं.

नाडीपरीक्षा:
सुरंगीताई, तुमच्या लिखाणातच अर्धं उत्तर आहे. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, रुग्ण तपासत नाही, एवढं लक्षात ठेवून वाचा.

आधी शब्दांचं बघू. आपल्याकडे माणूस डॉक्टरला सांगतो "चक्कर आली". गोव्यात कोणी "घुंवळ आयली" म्हणेल. या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी दडतात. एकात घर गरगर फिरतं, ती बहुधा कानाची तक्रार. दुसऱ्यात डोळ्यांपुढे अंधारी येत जाते, ती रक्तदाब उतरत असल्याची खूण. तिसऱ्यात काहीच होत नाही आणि माणूस जमिनीवर असतो. तुमचा भाचा दुसऱ्यात आहे, ताई तिसऱ्यात. म्हणून "आधी काय वाटलं" हा प्रश्न बाकीच्या अनेक तपासण्यांहून मोलाचा आहे, आणि त्याला "काहीच नाही" हे उत्तर मिळालं तर ते पूर्ण उत्तर समजून लिहून घ्यावं.

हात झटकण्याचं: मेंदूला काही सेकंद रक्त मिळालं नाही तर हातपाय झटकले जातात. एवढ्यावरून फिट ठरत नाही. फिटनंतर माणूस बहुधा बराच वेळ भांबावलेला असतो, जिभेची कड चावलेली असू शकते. अर्ध्या मिनिटात "ओरडतेस कशाला" विचारणारी बाई हृदयाकडे बोट दाखवत होती.

आता अॅडेनोसिन. पेशी एटीपी नावाचं इंधन खर्च करून जगते. एटीपीतले फॉस्फेट एकेक गळत गेले की शेवटी अॅडेनोसिन उरतं. म्हणजे जिथे काम जास्त आणि प्राणवायू कमी, तिथे ते साठतं आणि आसपासच्या पेशींना कळवतं: काम हळू करा, इकडे रक्त वाढवा. मेंदूत दिवसभर साठून झोप आणतं तेही हेच. चहा-कॉफीने झोप उडते, कारण कॅफिन त्याच्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवर निरोप घेणाऱ्या जागेवर, अडून बसतं.

रिसेप्टर चार प्रकारचे: ए१, ए२ए, ए२बी आणि ए३. भोवळीत पहिल्या दोघांचं काम.

ए१ हृदयाच्या वायरिंगवर असतो. हृदयाचे वरचे कप्पे आणि खालचे कप्पे यांच्यामध्ये निरोप जायला निरोगी माणसात वाट एकच, एव्ही नोड. रायबंदर आणि चोडण बेटाच्या मध्ये जशी फेरीबोट. अॅडेनोसिन ए१ ला लागलं की त्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडतं, पेशी सुस्तावतात आणि फेरी धक्क्यालाच थांबते.

ए२ए रक्तवाहिन्यांच्या भिंतीत असतो. तिथे अॅडेनोसिन लागलं की भिंतीचा स्नायू सैल पडतो, वाहिन्या रुंदावतात, उभ्या माणसाचं रक्त पायांत आणि पोटात उतरतं, दाब पडतो.

फ्रान्समधल्या मार्सेचे गियू आणि देहारो, आणि इटलीचे ब्रिन्योले, यांच्या गटांनी भोवळीच्या रुग्णांच्या रक्तातलं अॅडेनोसिन मोजलं. वेसोव्हेगलवाल्यांत ते जास्त सापडलं आणि ए२ए रिसेप्टरही जास्त. मग त्यांनी ताईसारखे रुग्ण घेतले: हृदय चांगलं, ईसीजी चांगला, आणि पूर्वसूचनेशिवाय पडणारे. त्यांच्यात अॅडेनोसिन चक्क कमी सापडलं.

रसायन कमी, आणि तरीही त्याच रसायनाने हृदय थांबतं! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. त्यांचं स्पष्टीकरण असं: अॅडेनोसिन कायम कमी असलं की ए१ रिसेप्टर मोठ्या संख्येने रिकामे राहतात, आणि ते फार थोड्या अॅडेनोसिननेही जागे होणारे आहेत. दिवसाढवळ्या गजबजलेल्या घरात भांडं पडलं तर कोणी मान वळवत नाही. निजानीज झालेल्या घरात चमचा पडला तरी सगळे उठून बसतात. ताईच्या एव्ही नोडमध्ये कायम निजानीज आहे. कशानेतरी अॅडेनोसिन जरासं वाढतं आणि फेरी थांबते.

म्हणून थिओफायलिन. ते कॅफिनच्याच घरातलं, पण औषध म्हणून जास्त जोरकस. रिकाम्या रिसेप्टरवर बसून राहतं, म्हणजे चमचा पडला तरी कोणाला ऐकू जात नाही. दम्यात ते श्वासनलिका सैल करायला देतात, इथे काम दुसरं.

रात्रपाळी:
मी १४ वर्षं आयसीयूत सिस्टर आहे. नाडीपरीक्षा सरांनी लिहिलं ते मी डोळ्यांनी बघते, औषध म्हणून.

एसव्हीटीचा, म्हणजे एकाएकी ठोके फार जलद होण्याच्या आजाराचा, पेशंट येतो, नाडी १८०-२००, छाती धडधडतेय. आम्ही अॅडेनोसिन देतो. पहिला डोस ६ मिलिग्रॅम, नाही जमलं तर १२. कोपरातली मोठी शीर धरायची, इंजेक्शन झटक्यात आणि मागोमाग सलाइन तेवढ्याच जोरात, हात वर उचलून. हळू दिलं तर हृदयापर्यंत पोचायच्या आतच संपतं, कारण तांबड्या पेशी आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर ते गिळून टाकतात. रक्तात त्याचं अर्धं आयुष्य १० सेकंदांहून कमी.

पेशंटला मी आधीच सांगते: काही सेकंद छातीवर धोंडा ठेवल्यासारखं वाटेल, आता संपलं असंही वाटेल, मी हात धरून आहे, ते जाणार आहे. मग मॉनिटरवर ती धावणारी रेघ थांबते. वरच्या कप्प्यांच्या छोट्या पी लाटा कधी कधी दिसत राहतात, त्यांच्यामागे काही येत नाही. एक, दोन, तीन, चार. मग एक ठोका. मग नीट लय. चौदा वर्षं झाली, ते चार सेकंद मी अजून श्वास धरूनच बघते.

सुरंगीताई, तुमच्या ताईच्या पट्टीत पी लाटा चालू होत्या का?

सुरंगी:
सिस्टर, आत्ता पट्टी काढून बघितली. होय. आठ सेकंदांत दहा छोट्या लाटा मोजल्या, सारख्या अंतरावर. त्या पुढे सरकतायत आणि खाली काहीच नाही. तुम्ही हात धरून जे करता ते ताईला बस स्टॉपवर एकटीला झालं, हे वाचून अंगावर काटा आला.

नाडीपरीक्षा:
त्या सारख्या अंतरावरच्या लाटाच महत्त्वाच्या. सुरंगीताईंचं मोजणं डॉक्टरांना जरूर दाखवा.

व्हेगस मज्जातंतूमुळे फेरी थांबते तेव्हा काठावर येणारे प्रवासीही कमी होतात, म्हणजे पी लाटांमधलं अंतर आधी वाढत जातं आणि मग अडथळा येतो. भाच्याच्या टिल्ट टेस्टमध्ये नाडी मंदावली ती तशी. ताईच्या पट्टीत प्रवासी नेहमीच्याच गतीने येतायत, धक्क्यावर गर्दी होतेय आणि बोट हलत नाही. नोडच्या खालच्या वायरिंगचा आजार असेल तर बहुधा रोजच्या ईसीजीतही त्याच्या खुणा दिसतात. इथे मधल्या काळात सगळं स्वच्छ.

२०११ मध्ये ब्रिन्योले आणि सहकाऱ्यांनी अशा १८ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. सरासरी वय ५५. निदान व्हायच्या आधी ते सरासरी ८ वर्षं पडत होते. तुमच्या ताईंची तीन वर्षं वाचून मला तो आकडा आठवला. काहींचा १४ वर्षांपर्यंत पाठपुरावा झाला, कायमचा हार्ट ब्लॉक कोणालाही झाला नाही, आणि पेसमेकर बसवल्यावर भोवळ परत आली नाही.

आणि भाच्याला: आईचं आणि तुझं एकच रसायन असेल, पण दार वेगळं. आणखी एक सांगून ठेवतो, तुम्हा दोघांचंही अॅडेनोसिन कोणी मोजलेलं नाही. ते मोजायचं तर रक्त सुईतून बाहेर पडतानाच त्याचं विघटन थांबवणारं द्रावण मिसळावं लागतं, नाहीतर नळीतच संपतं. नेहमीच्या लॅबमध्ये ते होत नाही, आणि एकट्या आकड्यावर निदानही करत नाहीत. आपण चित्रावरून बोलतोय. चित्र मात्र दोघांचंही बोलकं आहे.

डिचोलीकर:
सर, मग माझ्यासारख्याने काय करायचं? वेसोव्हेगलमध्ये अॅडेनोसिन जास्त, चहा त्याला अडवतो, म्हणजे चहा वाढवू? मी दिवसाला पाच कप घेतो. आणि थिओफायलिन मलाही चालेल का?

नाडीपरीक्षा:
नका. कागदावर तर्क बरोबर वाटतो. वेसोव्हेगलमध्ये थिओफायलिन पूर्वी वापरून पाहिलंय, पण सर्वांना द्यायचा उपचार म्हणून ते टिकलं नाही. त्या भोवळीत अॅडेनोसिन एकटं नसतं, मज्जासंस्थेची अख्खी फळी एकदम बदलते. पाच कप चहाने झोप मोडली तर उलट भोवळीला निमित्त मिळेल. तुमचा उपाय पाणी, मीठ आणि पाय.

रक्तचाचणी असेल तेव्हा आधी सांगा आणि आडवं पडून रक्त द्या. तुमच्या प्रकारात अंगाचे स्नायू ताणून धरायचा सराव खास उपयोगी.

बेतकाठी:
तो सराव मला शिकवलाय, लिहितो. जांभई आली की लगेच पायावर पाय, कात्री घालतो तसे, आणि मांड्या, ढुंगण, पोट आवळायचं. हाताची बोटं एकमेकांत अडकवून बाहेर ओढायची. अर्धा मिनिट तरी सोडायचं नाही. टिल्ट टेबलावर मला करून दाखवायला लावलं आणि स्क्रीनवर प्रेशर चढताना मी स्वतः बघितलं. शिगम्याला रोमटात, म्हणजे मिरवणुकीत, उभा असताना एकदा जांभई आली, तेव्हा केलं, पडलो नाही. जमलं नाही तर लाज न बाळगता खाली बसायचं, शक्यतो आडवंच व्हायचं.

नाडी सर, व्रताचं काय करू? सोडायचं नाहीये.

नाडीपरीक्षा:
सोडायला मी सांगणार नाही. डॉक्टरांना व्रताचे नियम नीट सांग आणि त्यात काय बसतं ते ठरवा. रात्रभर उभं राहण्याच्या आधी दोन मोठे पेले पाणी, अर्धा लिटरच्या आसपास, थोड्याच मिनिटांत दाब काहीसा चढवतं. पेज आणि मिठाचं लोणचं नियमात असेल तर उत्तम. शहाळ्यावर एकट्यावर भिस्त नको, त्यात पोटॅशियम भरपूर, पण तुला हवं ते मीठ फारसं नसतं. ब्लड प्रेशर किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी हे मिठाचं वाचून मनाने काही करू नये.

आणि त्या म्हाताऱ्या धोंडाला माझा नमस्कार सांग. उचलून बसवणं हीच आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक, त्याने ती मोडली.

म्हापशाचा बाजार:
औषधांच्या दुकानात २० वर्षं काढली, म्हणून थिओफायलिनबद्दल कळकळीने लिहितो. हे औषध धारेवरचं आहे. रक्तातली पातळी १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर ही पूर्वापार मर्यादा. त्याच्यावर गेली की उलट्या, हात थरथरणं, धडधड, आणि फार वर गेली तर ठोक्यांची गडबड आणि फिट. फिटच्या गोळ्या उगाच खाल्लेल्या बाईला खरीच फिट यायला नको.

सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा एरिथ्रोमायसिन सोबत घेतलं की पातळी वाढते. आपल्याकडे जुलाब झाले की लोक दुकानात येऊन सिप्रो मागतात, चिठ्ठीशिवाय. ताईंनी तसं कधीही घेऊ नये, आणि प्रत्येक डॉक्टरला सांगावं की मी थिओफायलिनवर आहे. उलट बाजूने, सिगारेट ओढणाऱ्याच्या अंगातून हे लवकर निघून जातं. माणसाने सिगारेट सोडली की तोच डोस जास्त होतो. हे मी दुकानात घडताना पाहिलंय.

अबोली:
बाबांची अँजिओप्लास्टी झाली, टिकाग्रेलोर चालू आहे. मधूनच धाप लागते. याचा संबंध अॅडेनोसिनशी आहे असं ऐकलं. खरं का?

नाडीपरीक्षा:
तसं मानलं जातं. टिकाग्रेलोर रक्त पातळ ठेवतं, शिवाय तांबड्या पेशींना अॅडेनोसिन गिळू देत नाही, त्यामुळे ते साचतं. धाप त्यामुळे लागत असावी, आणि काहींच्या ठोक्यांत लहान खंड पडतात तेही. डिपिरिडामोल हे जुनं औषध याच वाटेने काम करतं. पण अबोली, ते औषध स्वतःहून एक दिवसही बंद करू नका, नवीन स्टेंट असताना ते धोक्याचं आहे. डॉक्टरांना धापेचं सांगा, पर्याय असतात. भोवळ आली तर त्याच दिवशी.

रात्रपाळी:
अबोली, तसंच करा. आणि एक आठवलं म्हणून: अॅडेनोसिन देऊन स्ट्रेस टेस्ट ठरली असेल तर आधी चहा-कॉफी बंद ठेवायला सांगतात, निदान १२ तास, कुठे २४. लोक "अर्धा कपच घेतला" म्हणतात. अर्ध्या कपानेही चाचणी फसू शकते. दमा असेल तर तेही आधी सांगा, अॅडेनोसिनने दमेकऱ्याची छाती आवळते.

डिचोलीकर:
हृदयावरचा हा परिणाम पहिल्यांदा कोणाला कळला, याचं कुतूहल वाटलं.

नाडीपरीक्षा:
केंब्रिजमध्ये, १९२९ साली, ड्रुरी आणि सेंट-ग्योर्गी यांना. हृदयाच्या स्नायूचा अर्क प्राण्यांच्या शिरेत दिला तर ठोके मंदावतात, वरखालचा संबंध तुटतो, दाब उतरतो हे त्यांनी पाहिलं आणि अर्कातून ते रसायन वेगळं काढलं. म्हणजे फेरी थांबणं आणि दाब पडणं, ताई आणि भाचा, दोघंही त्या एकाच कामात होते. सेंट-ग्योर्गी म्हणजे तेच, क्रेब्स चक्राच्या आसपासच्या कामासाठी आणि क जीवनसत्त्वासाठी १९३७ चं नोबेल मिळालेले.

पुढे यावरून चाचणीही निघाली. २० मिलिग्रॅम एटीपी शिरेतून द्यायचं आणि हृदय किती वेळ थांबतं ते बघायचं. २०१२ मध्ये ८० वयस्कर रुग्णांवरचा अभ्यास आला: चाचणीत हृदय बराच वेळ थांबलेल्यांना पेसमेकर नीट चालू ठेवून दिला तर भोवळ बरीच कमी झाली. तरी ही चाचणी सगळीकडे रुळली नाही, कारण चाचणीत जे घडतं तेच घरी पडताना घडत असेल याची खात्री देता येत नाही. म्हणून पट्टी हातात असणं श्रेष्ठ.

तेरेखोल:
मी फक्त वाचत होते, पण आता विचारते. माझी मुलगी १२ वर्षांची, शाळेत धावताना दोनदा पडली. धावता धावताच. शाळेत म्हणाले, उपाशी आली असेल. मीठ-पाणी सुरू करू का?

रात्रपाळी:
नको. आधी ईसीजी. उद्याच.

नाडीपरीक्षा:
सिस्टरांना पूर्ण दुजोरा. धावून थांबल्यावर भोवळ येणं वेगळं, धावत असतानाच पडणं वेगळं. या धाग्यातलं अॅडेनोसिन, पाणी, मीठ, सगळं बाजूला ठेवा. हृदयाच्या स्नायूचा जन्मजात आजार किंवा लयीचा आनुवंशिक आजार आधी तपासायला हवा. ईसीजी, इको आणि हृदयाचे डॉक्टर. तोपर्यंत धावणं, पोहणं बंद. घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर ते आवर्जून सांगा, लांबच्या नात्यातलं असलं तरी.

तेरेखोल:
माझा मामा २६ व्या वर्षी नदीत पोहताना गेला. बुडाला असंच सगळे म्हणतात. सकाळीच निघतो आम्ही.

सुरंगी:
तेरेखोल, काल दिवसभर तुमचाच विचार होता. ईसीजी झाला की एक ओळ तरी टाका.

तेरेखोल:
ईसीजी झाला. त्यातलं क्यूटी नावाचं अंतर लांब आहे, म्हणजे लयीचाच आजार असू शकतो म्हणाले. गोळी सुरू केलीय, आम्हा सगळ्यांचे ईसीजी काढायला सांगितलेत. मामाची गोष्ट डॉक्टरांनी दोनदा विचारून लिहून घेतली. सिस्टर, सर, काय बोलू.

सुरंगी:
चार महिन्यांनी परत आलेय. ताईचं काय झालं ते विचारणारे बरेच निरोप आले म्हणून इथेच लिहिते.

थिओफायलिन सहा आठवडे घेतलं. त्या काळात पडली नाही, पण हात इतके थरथरायचे की सुईत दोरा ओवता येईना, आणि रात्र रात्र जागी. पातळी मर्यादेतच होती. डॉक्टर म्हणाले, या गोळीचा अनुभव अजून थोड्या रुग्णांवरचाच आहे, आणि तुमची बहीण बसल्या जागी, काही न कळता पडते, तिची पट्टीही हातात आहे. पेसमेकर बसवला. फिटच्या गोळ्या त्यांनी मेंदूच्या डॉक्टरांशी बोलून हळूहळू कमी करत बंद केल्या. दोन वर्षांनी ताईने पहिल्यांदा शब्दकोडं पूर्ण सोडवलं. स्कूटरची परवानगी मात्र अजून मागतेच आहे.

भाच्यालाही पेसमेकर हवा का, असं मी विचारलं होतं. नको म्हणाले. त्याचा दाब आधी पडतो, ठोके राखून पडलेला दाब उचलला जात नाही. तो सराव करतोय, पाणी पितोय, आणि गेल्या जत्रेला होमकुंड ओलांडून आला.

गेल्या आठवड्यात पेसमेकर तपासायला नेलं. टेक्निशियनने छातीवर वाचक ठेवला आणि नोंदी काढल्या. तीन महिने यंत्र नुसतं लक्ष ठेवून होतं. एकदाच कामाला लागलं, १९ तारखेला, दुपारी १२ वाजून ४० मिनिटांनी, काही सेकंद. ताईला विचारलं, त्या दुपारी काय करत होतीस? तिला काहीच आठवेना. मग म्हणाली, "जेवणाची वेळ ती. नारळच खवत असेन."